माझ्या नावाच्या फोल्डरमधले रिकामे फोटो

बाबा, गेले तीन आठवडे मी तुमच्या कॉम्प्युटरसमोर बसते आहे आणि मला काही म्हणता काही उमगत नाहीये. तुम्ही गेल्यावर आईनं लीड्सचं घर सोडलं. ती आता इथं मेडनहेडला आमच्याकडे राहते. येताना सामान फार आणलं नाही, पण तुमच्या कॉम्प्युटरचा तो काळा डबा मात्र गाडीच्या मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून आणला. मला म्हणाली, यातले फोटो काढून घे, मग हे कौन्सिलच्या टिपवर, भंगार टाकतात तिथं, देऊन टाकू. तिला वाटलं दुपारभराचं काम असेल. मलाही तसंच वाटलं होतं, कारण माझी नोकरीच ती आहे. लोकांचा अस्ताव्यस्त डेटा आम्ही नीट लावून देतो.

सगळे फोटो माझ्या लॅपटॉपवर घेतले आणि दुबार फोटो शोधणारा प्रोग्रॅम चालवला. त्यानं सांगितलं की निम्म्याहून जास्त फोटो दुबार, तिबार, काही तर पाच-पाच वेळा आहेत. जादा प्रती काढून टाकू का, असं विचारणारं एक निळं बटण खाली आलं. माझं बोट तिथवर गेलं आणि थांबलं. कारण हे मी एकदा केलेलं आहे.

मी लंडनला युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होते. ईस्टरच्या सुट्टीत घरी आले होते. तुम्ही हॉस्पिटलमध्ये, आई दुकानात. मला वाटलं, तुम्हाला काहीतरी छान करून ठेवावं. तुमचे फोटो मी फाईलवरच्या तारखा पाहून वर्षांप्रमाणे लावले, दिवाळी, सुट्टी, वाढदिवस असे फोल्डर केले, एकाच फोटोच्या जादा प्रती पुसल्या आणि हुशारीनं रीसायकल बिनसुद्धा रिकामं केलं. तुम्ही दिवसभर पेशंटना भूल देऊन दमून घरी आलात. कोट अंगावरच आहे, आणि मी तुम्हाला खुर्चीत बसवून दाखवते आहे. तुम्ही बराच वेळ माऊस फिरवत राहता. मग विचारता की ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटची ने-आण करणारा तुमचा पोर्टर कुठे गेला. मी म्हणते, आहे की, दिवाळीच्या फोल्डरमध्ये. आपल्या किचनमध्ये एका वर्षी काढलेला फोटो, आई, मी, शेजारच्या बाई आणि करंजी हातात घेऊन अवघडून उभा असलेला तो. तुमच्याकडे हा फोटो चार ठिकाणी होता. मी तीन प्रती उडवल्या होत्या.

"मी माणसं लावली होती," तुम्ही म्हणालात. "तू तारखा लावल्यास."

एवढंच. आवाज चढवला नाहीत. उठून कोट काढलात आणि चहा टाकलात. मी मागून येऊन सांगत राहिले की यानं जागा वाचते, शोधायला सोपं जातं. तुम्ही माझ्या कपात साखर घालून ढवळत राहिलात, मी साखर सोडली होती तरी. पुढं आईकडून कळलं की रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर तासभर बसून तुम्ही एकेक फोटो पुन्हा ज्याच्या-त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकत होतात. कित्येक महिने. मला तुम्ही कधी मदतीला बोलावलं नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

म्हणून ते निळं बटण मी दाबलं नाही. हातानंच बघू म्हटलं आणि माझ्या नावाचा फोल्डर उघडला. सुरुवातीला मी आहे, युनिफॉर्ममधली, दात पडलेली, चिडलेली. मग एकदम मी नाहीच. साठेक फोटो असे की त्यांत कुणीच नाही. आपलं किचनचं टेबल. माझी खोली, घडी घातलेली रजई. गाडीची मागची सीट. बर्फानं भरलेली मागची बाग, आणि तीच बाग भर उन्हात. काहीच समजेना. तारखा पाहाव्यात तर फाईलवर आता तुम्ही पुन्हा प्रत केल्याची तारीख, आणि फोटोच्या आत कॅमेऱ्याची तारीख नेहमी एक जानेवारी, कारण बॅटरी काढली की त्याचं घड्याळ पुसलं जायचं आणि तुम्ही ते कधी लावलं नाहीत. उन्हातली बागसुद्धा एक जानेवारीची. या कामाचा मला पगार मिळतो, बाबा, आणि तुमचा एक फोटो मला वर्षावर लावता येत नाही.

आईला लॅपटॉप नेऊन दाखवला. तिनं चष्मा पुसून पाहिलं. आधी म्हणाली, त्यांचं बोट बटणावर उगाच पडायचं. मग म्हणाली, "ज्यात माणूस नाही ते कुठं टाकायचे? तुझ्या फोल्डरात जागा असेल. तू येत कुठे होतीस तेव्हा."

ती रागानं बोलली नाही. कोथिंबीर निवडत होती, निवडत राहिली. मी मात्र तेव्हापासून हेच धरून बसले आहे. चुकून निघालेले फोटो असतील का हे? की मी केलेल्या आवराआवरीनंतर उरलेले, कुणाचेच नसलेले, जिथं जमले तिथं पडलेले? की तुम्ही मुद्दाम काढलेत, आणि विचार करून माझ्या नावाखाली ठेवलेत? कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. माझ्या खोलीचा फोटो कुणी चुकून काढत नाही. पण गाडीची मागची सीट? तिचं काय करू?

त्यातला एक फोटो सोडवत नाही. लीड्सच्या कोच स्टेशनवरचा, लांबच्या बस येतात तिथला बाक. बाकावर तुमचा मफलर आणि स्टीलचा डबा. मागं बोर्डावर लंडनहून येणारी कोच आल्याचं दिसतं आहे. तुम्ही मला न्यायला यायचात तेव्हा आई डबा द्यायची, गाडीत खायला, त्यामुळे तो कुठल्याही खेपेचा असू शकतो. पण ज्या खेपेला मी आले, त्या खेपेला रिकाम्या बाकाचा फोटो तुम्ही कशाला काढाल? मी न आलेली खेप एकच आहे. संध्याकाळी तुम्हाला फोन करून मी सांगितलं की कोच चुकली. तुम्ही म्हणालात, होतं असं, पुढच्या आठवड्यात ये. किती वेळ थांबला होतात ते बोलला नाहीत. त्यानंतर पुढचा आठवडा मी परीक्षा सांगून टाळला.

आई काल विचारत होती, झालं का तुझं, शनिवारी टिपवर जाऊ या. मी हो म्हटलं. झालेलं काहीच नाही. ते साठ फोटो आहेत तिथंच आहेत, आणि ते माझे आहेत की नाहीत हे मला अजून कळलेलं नाही. हे लिहिलेलं कुणाला पाठवायचं नाही, आईलाही वाचून दाखवणार नाही. फक्त तो बाक त्या दिवसाचा असला तर, म्हणून सांगते. कोच चुकली नव्हती, बाबा. मी तिकीटच काढलं नव्हतं. मैत्रिणींबरोबर लंडनमध्येच, कॅमडेनला हिंडत होते, आणि तुम्ही तिकडे वाट पाहत असाल हे साफ विसरले होते.