रांजणातला आवाज

ता. ४ जानेवारी १९३८, मंगळवार. ब्राह्मणपुरी.

मी लग्नाआधी धुळ्याला सातवी पास झाले होते, हे आज कुणाला तरी आठवलं. गावात मुलींचा वर्ग काढायचा तर बाई गावातलीच हवी, असं शाळा बोर्डानं कळवलंय. मामंजी ओसरीवर ह्यांच्या थोरल्या भावाला म्हणाले, "सून शिकेल शे. तीच शिकाडी." मी दाराआड ज्वारी पाखडत होते. सूपच पडलं हातातून.

बोर्डाचे साहेब येणार, शिकवणं ऐकणार, मग ठरवणार. गाव बसणार ऐकायला. मामंजीही. झालं! लग्न होऊन आले तेव्हापासून मामंजींपुढे एक शब्द बोललेले नाही. ताट वाढलं की दाराआडून बांगड्या वाजवायच्या, ते उठतात. पाणी ठेवलं, बांगड्या. पाहुणे आले, बांगड्या. माझा आवाज कसा आहे ते त्यांना ठाऊकच नाही. तोंड उघडलं नाही तर वर्ग निघणार नाही, आणि आमची लेक शेवंती मोठी होऊन कुणाच्या तरी दाराआड बांगड्याच वाजवील.

ता. ८, शनिवार.

हे नंदुरबारहून आले. कचेरीतून शनिवारीच सुटका होते. सगळं सांगितलं, रडले थोडी. ह्यांनी वाचनालयात कुठल्याशा मासिकात उपाय वाचलाय. रोज सकाळी आरशापुढे उभं राहायचं, आणि जे व्हावंसं वाटतं ते झालंच आहे असं मोठ्यानं म्हणायचं. म्हटलं, भाकरी भाजलीय भाजलीय म्हणून भाजते का? तर म्हणे, करून तर बघ. वाक्यही बांधून दिलं: मी लक्ष्मीबाई. मी निर्भयपणे भाषण करते. हसू आवरेना. पण वाक्य पाठ झालं.

ता. ९.

आरसा तळहाताएवढा. डोळा दिसतो नाहीतर ओठ. आणि मोठ्यानं म्हणू कुठे? चुलीशी सासूबाई (पुढे नुसतं सा. लिहीन, शाई महाग), ओसरीवर मामंजी. शेवटी कुजबुजले. निर्भयपणे कुजबुजले!

ता. १२, बुध.

परसातला मोठा रांजण घासायला आडवा केला होता. कमरेपर्यंत आत शिरून घासताना वाक्य सहज म्हटलं. अगं बाई! केवढा आवाज! दचकून बाहेर आले, मागे बघितलं, कोणीच नाही. पुन्हा आत गेले. पुन्हा म्हटलं. माझाच. इतकी वर्षं हा एवढा आवाज माझ्या गळ्यात होता आणि मलाच पत्ता नाही. अंगावर काटा आला. घासणं तसंच राहिलं, नुसती बसून होते आत.

ता. १४. संक्रांत.

मामंजींच्या हातावर तीळगूळ ठेवला, पाया पडले. गोड बोला हे म्हणायचं ते मनातल्या मनात. दरवर्षीसारखंच.

ता. १६.

पकडले गेले. सा. मागे उभ्या. "रांजनमा मुंडकं घालीसन काय करी ऱ्हायनी वं?" म्हटलं, "घासी ऱ्हायनू." "रोज?" "रोज." वळून चुलीशी गेल्या.

वाक्याचं मात्र बिनसतंय. लक्ष्मीबाई म्हटलं की आत दुसरीच कोणी बाई बसल्यासारखं वाटतं. हे नाव लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहिलं, त्या दिवसापासून आधीचं कोणी घेतलं नाही. आणि भाषण तरी मी कधी करते? आज बदलून म्हटलं: मी चंपा. माले बोलता येस. रांजणानं ते असं परत दिलं, जणू माहेरच्या अंगणातून आईनं हाक मारावी. रडले. पण बरं वाटलं, फार बरं वाटलं.

ता. १८.

पहाटे परसात गेले तर रांजण आधीच रिकामा, आडवा करून ठेवलेला. पाणी सगळं दुसऱ्या मडक्यांत. मी केलेलं नाही. सा. चुलीशी, तोंड फिरवून.

ता. २१.

उद्या साहेब. आज रांजणात दोनदा जाऊन आले.

ता. २२, शनिवार.



मारुतीच्या देवळाच्या मंडपात साहेब खुर्चीवर, गाव सतरंजीवर, पुढ्यात पोरी. मामंजी आले. सगळ्यांच्या पुढे बसले, आणि बसताना माझ्याकडे पाठ केली. गावचे पाटील, खांबाकडे तोंड करून बसले! मला संकोच नको म्हणून.

तोंड उघडलं तर आवाजच नाही. पोरी बघताहेत. साहेबांनी घड्याळ काढलं. डोळे मिटले, रांजण आठवला, मनात म्हटलं, माले बोलता येस. आणि निघाला! तोच. रांजण नसताना तोच. मंडपभर. तापी कुठून निघते, कुठे जाते, सांगत सुटले. एक पोर ओरडली, "बाई, तठे मन्हा मामाना गाव शे!" सगळे हसले, मीपण हसले, पदर सावरायचंही भान नाही.

मध्येच मामंजी खांबाकडे बघतच म्हणाले, "कोन बोली ऱ्हायनं?"

एवढा आवाज आपल्या घरातला असेल असं त्यांना वाटलंच नसावं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी चंपा."

चंपा! सासऱ्यापुढे माहेरचं नाव! धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मामंजींची पाठ हलली नाही. मग सावकाश म्हणाले, "चंपा. बरं. पुढे सांग."

पुढे काय सांगितलं आठवत नाही. साहेब "कळवू" म्हणाले आणि गेले. हे आज आले नाहीत, कचेरीत काम. कुणाला सांगू?

ता. २३, रविवार.

सकाळी ताट वाढलं, बांगड्या वाजवल्या. मामंजी उठले नाहीत. पुन्हा वाजवल्या. तसेच बसून. मग काठी घेऊन उपाशीच हरभऱ्याच्या शेताकडे गेले. सा.ना विचारलं, नावावरून रागावले का?

भाकर झाकत म्हणाल्या, "राग कसाना वं? बांगड्यासना आवाजवर मी आते उठाव नही, असं म्हनी ग्यात."

"मंग मी काय करू?"

"माले काय इचारस? तुले बोलता येस ना?"

म्हणजे सगळं ऐकलंय त्यांनी, रोजचं.

परसात धावले. रांजण उभा, काठोकाठ भरलेला. सा.नीच भरला असणार. सराव नाही आता. साहेबांचं काय ठरेल ते ठरो, त्याची आज आठवणही नाही. माणूस सकाळपासून उपाशी आहे, आणि त्यांना हाक काय मारायची तेही मला माहीत नाही, कधी मारलीच नाही ना.

दिवेलागण झाली. ताट वाढून ठेवलंय. ओसरीवर काठी टेकवल्याचा आवाज. आले.