खुंटीची कावीळ

चारठाणा, ता. जिंतूर
२२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. महादेवीस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे दिवाळीनंतरचे पत्र पोचले. मी फोन का उचलत नाही, हा प्रश्न रास्त आहे. फोनवर धाकटी बहीण बोलते व थोरला भाऊ ऐकतो; त्यास चर्चा म्हणता येत नाही. सबब उत्तर लेखी देत आहे.

गेले चार दिवस मला सर्वांगास खाज सुटली आहे. पुरळ नाही, गांधी नाहीत, केवळ खाज. महाविद्यालयात अडतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला मनुष्य ओसरीच्या खांबाला पाठ घासताना दिसतो, हे गावाच्या दृष्टीने मनोरंजक असले तरी विषयास सोडून आहे. मी संशयित कारणांची यादी करून एकेक वगळण्याची पद्धत अवलंबिली. पहिल्या दिवशी साबण बदलला. दुसऱ्या दिवशी घोंगडी उन्हात टाकली. तिसऱ्या दिवशी सूनबाई ईश्वरीची वांग्याची भाजी बंद केली. तेव्हापासून ती माझ्याशी मोजकेच बोलते. चौथ्या दिवशी यादीत फक्त मीच उरलो. पद्धत निर्दोष आहे. निष्कर्ष तेवढा अप्रिय आहे.

ऑक्टोबरातला खोकला जिंतूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरा झाला, तेव्हा त्याची काळजी नको. अन्नावर मात्र वासना नाही, म्हणून चिरंजीव विरेश उगाच चिंतेत असतो.

तुझ्या गुडघ्यांची खुशाली कळव. माया आहे तशीच आहे. खाजेने तीत घट झालेली नाही.

तुझा,
बसवराज


मानवत
२६ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांच्या चरणी,
महादेवीचा शि. सा. शरणार्थ. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग तेच परत नीट वाचलं. अंगावर काही न्हाई तरी खाज, आणि वर भूक न्हाई. अण्णा, बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून घालवली हायत मी. साबण राहू द्या. आधी डोळे बघा. तुमी स्वतः बघू नका, तुमी आरशासंगं बी वाद घालाल. ईश्वरीला उजेडात बघायला लावा. लघवी काळ्या चहावानी व्हायलीय का, ते पण कळवा.

आणि त्या खोकल्याच्या गोळ्या कोणत्या, किती दिवस घेतल्या, ते लिहा. काही अँटिबायोटिक लिव्हरला बाधतात, त्यात म्हाताऱ्या बाप्यांना जास्त. तुमी दोन्ही हाव. रक्त लगेच तपासून घ्या. वहिनी असत्या तर तुमी आज खांबाजवळ नसता, दवाखान्यात असता.

लोभ ठेवा, नखं कापा.

तुमची,
महादेवी


चारठाणा
३ डिसेंबर २०२५

चि. सौ. महादेवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे निदान मान्य आहे. ईश्वरीने उजेडात पाहून सांगितले की मामंजींचे डोळे हळदीवानी दिसायलेत. तिच्या स्वरात वांग्याचा थोडा सूड होता. लघवीविषयीही तू बरोबर आहेस.

तू दिलेले कारण मात्र अमान्य आहे. गोळ्यांचे नाव पाकिटाच्या मागे लिहिले आहे; त्या घेणे ऑक्टोबरअखेर थांबले, खाज अठरा नोव्हेंबरला सुरू झाली. जे कारण उरलेच नाही त्यापासून कार्य उपजत नाही. चूल विझून तीन आठवडे झाल्यावर भात शिजत नाही.

दरम्यान गावातील चांगुणाबाईने कावीळ उतरवण्याची माळ आणून दिली. काड्यांचे तुकडे दोऱ्यात बांधलेले असतात. ती डोक्यावर ठेवायची, आणि कावीळ उतरते तशी माळ वाढत गळ्यात, मग पोटापर्यंत येते, असा समज आहे. मी विरोध केला नाही. मी दुसरी माळ मागून घेतली व ती खुंटीला अडकवली. पाच दिवस दोन्ही फूटपट्टीने मोजल्या. दोन्ही सारख्याच वाढल्या. काड्या सुकतात, गाठी सैल होतात, एवढाच अर्थ. नपेक्षा खुंटीलाही कावीळ झाली होती असे मानावे लागेल. चांगुणाबाईला हे दाखवले तर ती म्हणाली, खुंटीची तरी उतरली मास्तर, तुमची कुठं उतरायलीय? 

आता याच पद्धतीने तुझ्या आरोपाचा निकाल लावणार आहे. त्याच गोळ्यांपैकी चार माझ्याजवळ शिल्लक आहेत. सोमवारी, आठ तारखेस सकाळी एक घेईन. खाज वाढली तर तुझे खरे, न वाढली तर माझे. रक्ततपासणी त्यानंतर. हरकत असल्यास लेखी कळव. तोंडी हरकतीची दखल घेतली जाणार नाही.

वादात अंतर पडो, मायेत न पडो.

तुझा,
बसवराज


देवगाव फाटा
७ डिसेंबर २०२५, रविवार

ती. अण्णांस शरणार्थ.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. आज पहिल्या गाडीनं निघाले. फाट्यावर चहाच्या टपरीत बसून हे लिहायले. ही लेखी हरकत हाय. ईश्वरीच्या हाती आत पाठवीन आणि मी ओसरीवर बसीन. वाचून झाल्याबिगर मला आत बोलवू नका.

काल ईश्वरीला फोन करून गोळ्या लपवायला सांगितल्या, तर म्हणाली, मामंजींनी पेटीत कुलपात ठेवल्यात अन् किल्ली करदोट्याला बांधलीय. आमच्या घरात तर्कशास्त्र असं कमरेला बांधून हिंडतंय.

अण्णा, एक गोष्ट तुमाला कधी सांगितली न्हाई. नोकरीत असताना एक माणूस तापानं आला. त्याला आधी याच गोळीनं कावीळ झाली होती. कुणी विचारलं न्हाई, त्यानं सांगितलं न्हाई. कागदावर लिहिलं होतं म्हणून गोळी मी दिली, माझ्या हातानं. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, आठव्या दिवशी माणूस गेला. विचारायचं काम माझं बी होतं.

तुमच्या प्रयोगात खाज न्हाई वाढली तर तुमी जिंकलाव. माझं खरं निघालं, तर निकाल लिहायला तुमी कुठं असाल? अशा प्रयोगाला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात, ते सांगा. आणि तुमी औषध अर्ध्यावर सोडणारे न्हाई. मग चार गोळ्या उरल्याच कशा?

मला लय भ्या वाटायलंय. भाकरी टाकायला सांगा.

तुमची,
महादेवी


चारठाणा
२१ डिसेंबर २०२५

चि. सौ. महादेवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी हरकत मंजूर झाली, हे तू पाहिलेसच. किल्ली मी स्वतः सोडून दिली. पण पेटी उघडल्यावर तू पुन्हा विचारलेस की चार उरल्या कशा, तेव्हा मी गप्प राहिलो. वादात उत्तर न सुचणे हा पराभव मानतात. मला उत्तर ठाऊक होते, सांगवत नव्हते. म्हणजे अवस्था त्याहून वाईट.

आता सांगतो. सात दिवसांच्या गोळ्यांनी खोकला निम्मा गेला. ज्याने निम्मा गेला त्यानेच उरलेला जाईल, असे मी अनुमान केले आणि जुनी चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवून, डॉक्टरांना न विचारता, दहा गोळ्यांची आणखी एक पट्टी आणली. सहा घेतल्या, चार उरल्या. विद्यार्थ्याने हे अनुमान उत्तरपत्रिकेत लिहिले असते तर मी शून्य देऊन त्याच्या वडिलांना बोलावले असते. आपले वडील आता हयात नाहीत. ती जागा तू भरून काढलीस.

परभणीच्या डॉक्टरांनी परवा दुसरा रिपोर्ट पाहिला. रक्तातील काविळीचे माप, बिलिरुबिन, अकरावरून सातावर आले आहे. पूर्ण उतरायला महिना-दोन महिने लागतील. तोवर वाट पाहणे हाच मुख्य उपचार. हे औषध थांबवल्यावर सहा आठवड्यांपर्यंतही यकृतावर परिणाम दिसू शकतो, असे ते म्हणाले. मी त्यांना कार्यकारणाचा नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, सर, तुमचं यकृत तुमच्या वर्गात बसलेलं नाही.

त्यांनी एक चिठ्ठी कायम खिशात ठेवायला सांगितली आहे. मी ती दीड पानांची लिहिली: आधी विधान, मग कारण, मग उदाहरण, शेवटी संभाव्य आक्षेपांचे खंडन. विरेशने विचारले की तुम्ही बेशुद्ध पडलात तर डॉक्टरांनी हे वाचून होईपर्यंत थांबायचं का. म्हणून ती फाडली. नवी अशी आहे:

मला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट देऊ नका. यकृतास बाधते.

त्या माणसाच्या खिशात एवढे असते, तर तुझ्या हाताने ती गोळी गेली नसती. यापुढे कोणा नर्सला माझ्याबाबतीत विचारायचे राहून गेले, तरी चिठ्ठी आपणहून सांगेल. तिची एक प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या पाकिटात ठेव.

तू गुडघे धरून तीन गाड्या बदलून आलीस, त्या लोभाचे कारण मी मागत नाही. तो असाच असू द्यावा.

तुझा,
बसवराज