लाईट गेली तेव्हाची कॅसेट

१६ एप्रिल ९६, बेलापूर
जयंतीच्या कार्यक्रमात अखेर मिल्याच्या रॉक बँडला वेळ मिळाला. मी पुढच्याच रांगेत, मांडीवर टेपरेकॉर्डर. भाऊ आहे म्हणून कौतुक करत नाही. बरं, करते. या पोरांचं ठरलेलं काहीच नसतं, एक चाल धरायची नि सुटायचं. रंगात आले नि लाईट गेली. गिटार मुकी. ड्रमवाला रफिक मात्र थांबला नाही. लोकांनी त्याच्या ठेक्यावर टाळ्या धरल्या, मिल्या बंद गिटारीच्या लाकडावरच बोटं वाजवत राहिला. जनरेटर लागला तसा टाळ्यांच्याच लयीत तारांवर शिरला. अंगावर काटा! टेप सेलवर चालू होता. सगळं आलंय. मागच्या आजीचं "थांबू नगा रं लेकरांनो"सुद्धा.

१७ एप्रिल
शाळेतून आल्या आल्या कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही दात मोडले. आता हिच्यावर कुणी दुसरं काही भरू शकणार नाही.

२ मे
पुण्याच्या कॅसेट कंपनीने नमुना मागवलाय. मिल्या नगरच्या स्टुडिओत जाऊन चार मिनिटांचं भरून आला. इस्त्रीच्या शर्टासारखं स्वच्छ. ऐकलं, जेवले, विसरले. म्हटलं, जयंतीची पाठव.
"येडी का काय ताई? लाईट गेल्याली टेप कुनी धाडतं व्हय? निम्मी चूकच हाय ती."
चूक म्हणे! भांडलो. भात करपला.

३ मे
पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. स्टुडिओची काढली, जयंतीची नक्कल घातली. सांगितलं नाही. झोप कसली

२१ मे
उत्तर आलं! लाईट गेल्यानंतरचं वादन परत परत ऐकलं म्हणे. २६ला येऊन तेच, तसंच वाजवून दाखवा. मिल्या पत्राकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय.
"ताई, लई लबाड हायेस तू."
सगळ्या गल्लीला सांगून आले. दोनदा.

२४ मे
पंचाईत. तीन दिवस मिल्या नि रफिक टेप लावून स्वतःचीच नक्कल पाठ करतायत. आज मेन स्विचही बंद करून पाहिला, टाळ्या मी वाजवल्या. सगळं जिथल्या तिथं, आणि जीव नाही. मिल्या रडकुंडीला आला. "आपनच वाजवलं आन् आपल्यालाच येत न्हाई." म्हटलं, येणार नाही रे. म्हणून तर टेप जपायची. त्याचा राग माझ्यावरच. बरोबर आहे, पाकीट मीच बदललं.

२५ मे
संध्याकाळी त्याने टेप बंद केला. "ऱ्हाऊ दे. तितं सुचंल ते वाजवू."
"आणि नाही आवडलं त्यांना?"
"न्हाई तर न्हाई."
असा भाऊ आहे माझा, आणि ते मी पुण्यातही सांगेन. सकाळी सहाची एस.टी. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणली आहे.