पावलं दाखवणारा मॉड

३ मार्च
गेमच्या कंपनीने दुकान उघडलं! आपण हौसेने गेममध्ये केलेले बदल, म्हणजे मॉड, आता तिथे विकता येणार. आम्हा मॉडवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर सकाळपासून नुसता गलका. कंपनीने माझाही मॉड मागितलाय. ताईसाठी केला होता तो. तिला ऐकू येत नाही, म्हणून शत्रूची पावलं कुठून येताहेत ते पडद्याच्या कडेला खुणेने दाखवतो. सहा वर्षं फुकट वाटला.

५ मार्च
दुकानाची अट – कोड सगळा माझाच हवा. पण दिशा ओळखणारा भाग घुबडाचा. फोरमवर त्याचं हेच नाव, खरं कधी विचारलं नाही. त्याला लिहिलं. उत्तर आलं, "मी तो तुला दिला होता, विकायला नाही. विकायचं असेल तर माझं काढ, स्वतःचं लिही."
राग आला. दिवसभर कारखान्यात चष्म्याच्या काचा घासून पोट भरते मी. चार पैसे मिळाले तर बिघडलं कुठे?

११ मार्च
लिहिलं स्वतःचं. जमलंय बहुतेक.

१६ मार्च
मॉड दुकानात लागला. पहिल्याच दिवशी एकशे बारा जणांनी घेतला. ताईने हातांनी विचारलं, "आणि ज्यांना परवडत नाही ते?" मी पाठ फिरवून चहा ओतत राहिले. तिच्याशी बोलणं टाळायला तेवढं पुरतं. लाज वाटली.

२२ मार्च
फोरमवर शुकशुकाट. पूर्वी अडलं की तासाभरात चार जण धावून यायचे. आज एक साधी शंका विचारली. एकच उत्तर – "विकतेस ना? मग तूच निस्तर." सगळे आपापला कोड झाकून बसलेत. मीसुद्धा.

२ एप्रिल
तक्रारींचा पाऊस. मागून येणारी पावलं पुढे दिसतात. तीन दिवस डोकं खुपसून बसलेय, चूक सापडत नाही. ताईने खेळणं सोडलंय.

४ एप्रिल
घुबडाचा निरोप, सोबत दुरुस्त केलेली फाईल. "विकत घेऊन बघितला. एका ओळीत वजाचं चिन्ह द्यायचं राहिलंय. तुझ्या ताईला खेळता येत नसेल."
मी लिहिलं, दुकानातून काढून टाकते.
"ते नंतर बघ. आधी फाईल लाव."