भाऊजींचं नाव कुणी काढलं?

४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ. (रागात असले तरी आशीर्वाद पुरते दिलेत, मोजून घे.)

तुझ्या कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक मिळालं. 'आमच्या इंजिनियरांनी शून्यातून घडवलेली, तुमच्या प्रत्येक कॉम्प्युटरची नोंद ठेवणारी प्रणाली!' दुसऱ्या पानावरचा फोटो चष्मा पुसून पाहिला. स्क्रीनवर लिहिलंय, 'प्रिंटर रुसलाय, थोड्या वेळाने विचारा.' शून्यातून काय? अरे, हे वाक्य तुझ्या भाऊजींचं आहे! प्रिंटर शोधून काढणारा तो सगळा भाग त्यांनी आजारपणात, पाठीला उशा लावून लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला.

तो भाग ज्यात आहे, ते अख्खं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मी सध्या आमच्या हॉस्पिटलात बसवतेय, तेही सोर्सपासून. म्हणजे तयार वस्तू आणून लावायची नाही. मूळ मजकूर उतरवून घ्यायचा, आपल्या सर्व्हरवर कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत आणायचा, मग इन्स्टॉल करायचा. तोंडाला फेस आलाय माझ्या. पण त्या मूळ प्रतीत लिहिणाऱ्यांच्या नावांची एक फाइल आहे आणि तिच्यात ह्यांचं नाव आहे. तुमची चाचणीची प्रत मागवून उघडली, तर ती फाइलच गायब, आणि जागोजागी तुझ्या मालकांचं नाव! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मेलेल्या माणसाचं काम आपल्या नावावर खपवताना लाज कशी वाटत नाही रे लोकांना?

वर आमच्या खरेदी अधिकाऱ्यांना सांगून गेलास, की ताई आतलीच आहे, काम झालंच समजा. माझ्या जिवावर माल विकायला तुला सांगितलं कुणी? सोबत सॉफ्टवेअरचा परवाना जोडलाय, तो वाच. आणि भाऊजींचं नाव कुणी काढलं, ते मालकांना विचारून कळव.

तूर्त लोभ आहे, तो टिकवणं तुझ्या हातात.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताना हात भाजले. मी विक्रीतला माणूस. मालक म्हणाले आमच्या पोरांनी लिहिलंय, मी मान डोलावली. मला काय स्वप्न पडणार होतं? भाऊजींनी मला ते प्रिंटरचं प्रकरण दोनदा समजावून सांगितलं होतं, तेव्हाही मी नुसती मान डोलावलीच होती.

परवाना वाचला. विकायला बंदी नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मग एवढं आभाळ कोसळल्यासारखं काय करतेस? वर्षभर मी घरी बसून होतो, ते तू पाहिलंस. हिला सातवा महिना लागलाय. ही माझी पहिली मोठी ऑर्डर आहे. हातची गेली, तर मालक दुसऱ्या दिवशी दार दाखवतील. तुझी नोकरी पक्की आहे बाई, तुला तत्त्वं परवडतात!

आणि खरेदी अधिकारी तर म्हणत होते, की तुझं ते फुकटचं सॉफ्टवेअर अजून धड उभंही राहिलेलं नाही. लोकांना चालणारी वस्तू हवी असते, ताई. अठ्ठावीस तारखेला बैठक आहे. तोवर एवढी कृपा कर, गप्प राहा.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा बारक्या

१६ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

उभं राहिलं! कळव तुझ्या मालकांना. एक लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारा दुसऱ्या कुणाचा तयार कोड, नाही म्हणून अडायचं. ती दिली, की दुसरीसाठी हटून बसायचं. शेवटी उमगलं, पहिल्या फसलेल्या खेपेचे अर्धवट तुकडे फोल्डरात तसेच पडले होते आणि मी येडी त्यांच्यावरच पुन्हापुन्हा कंपाइल करत होते. सगळं साफ करून कोऱ्या जागी नव्याने केलं, तर मुकाट पार पडलं. मग पान उघडेना, कारण फोल्डर माझ्या नावावर आणि सर्व्हरला आत यायची परवानगीच नाही. तीही दिली. आता एक्स-रे विभागापासून तळघरातल्या औषधांच्या गोदामापर्यंत एकेक कॉम्प्युटर हजेरी लावतोय.

तत्त्वं परवडतात म्हणालास, ते फार लागलं. विका ना, कोण अडवतंय? पण घेणाऱ्याला सोर्स द्यायचा आणि लिहिणाऱ्यांची नावं तशीच ठेवायची, हेही त्याच परवान्यात आहे. तेवढं बरं सोयीने गाळलंस!

विकणारा माझा सख्खा भाऊ आहे, असं मी साहेबांना सांगून टाकलंय, तेव्हा बैठकीत मी नसेन. तिथे काय बोलायचं ते तू ठरव. खोटं बोललास, तर दुसऱ्या दिवशी खरं मी सांगेन. आधी तुला संधी देतेय, ती धाकटा आहेस म्हणून.

बायकोला जप. तिला माझे वेगळे आशीर्वाद, त्यात तुझा वाटा नाही.
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मालकांना विचारलं होतं. म्हणाले, गिऱ्हाइकाला असल्या किरकोळ नावांशी काय करायचंय? फारच हौस असेल, तर त्या माणसाचा सहीनिशी अर्ज घेऊन या, मग बघू. घोटभर पाणी प्यायलो आणि बाहेर आलो.

काल बैठकीत तुमच्या खरेदी अधिकाऱ्यांनी विचारलं, की प्रिंटरचा भाग बिघडला तर दुरुस्त कोण करणार. मालक खुशाल म्हणाले, आमचेच इंजिनियर, त्यांनीच तर तो लिहिलाय. माझं डोकंच फिरलं. उठलो आणि सांगितलं, की साफ खोटं आहे, तो माझ्या भाऊजींनी लिहिलाय. त्यांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. म्हटलं, ते आता नाहीत, तेव्हा त्यांची सही आणायला मालक मला कुठे पाठवतात ते इथेच विचारा. आणि हेच सॉफ्टवेअर तुमच्याच इमारतीत चालू आहे, ते विकत कशाला घेता, असंही विचारून टाकलं.

मालकांनी ओळखपत्र लिफ्टमध्येच काढून घेतलं. घरी ही आधी रडली, मग मालकांना अशा काही शिव्या घातल्या, की पोटातलं बाळ ऐकेल म्हणून मलाच थांबवावं लागलं. झालं तुझ्या मनासारखं? राग मात्र अजून गेलेला नाही, आणि नेमका कुणाचा आलाय तेही कळत नाही.

बेकार भावावर लोभ ठेवशीलच.
तुझा बारक्या

२ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

गाढवा, नोकरी घालवून ये असं मी कुठे लिहिलं होतं? तुझ्या त्या मालकाचा मला इतका संताप आलाय, की समोर असता तर त्याचा टाय ओढला असता. सही आणा म्हणे! बायकोला घेऊन इकडे निघून ये. खोली रिकामी आहे. दुसरी नोकरी लागेपर्यंत चौघांचं भागेल, बाळासकट.

खरं सांगू? मूळ प्रतीतून ह्यांचं नाव कुणालाच काढता येत नाही. कुणीही सोर्स उतरवून घेतला, की ते त्यात असतंच. तुझ्या मालकाने आपल्या प्रतीतून पुसलं, म्हणून जगातून थोडंच जाणार होतं? हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पण हे गेल्यापासून कुणी त्यांचं नाव म्हणून घेत नाही रे. आई विषय बदलते. शेजारी 'तुमचे हे' म्हणून थांबतात. मला त्रास होऊ नये म्हणून सगळे इतकं जपून बोलतात, की कधीकधी किंचाळावंसं वाटतं. तूही त्यातलाच.

बैठकीत मी नव्हते, पण दाराबाहेरच्या बाकावर होते. भिंती पातळ आहेत आमच्या. तू त्यांचं नाव घेतलंस, ते मी ऐकलं. उठून कामाला जायचं होतं मला. पुन्हा एकदा घेशील म्हणून बसून राहिले.

तुझीच,
ताई