आठ दिवसांत स्टूल

९ जानेवारी
मशीन आलं. संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं, घरगुती आकाराचं सीएनसी. सहा खोक्यांतून काढून बाबांच्या खोलीत जोडलं. बाबा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात, पलंग रिकामाच होता. उभा करून भिंतीला लावला. तात्पुरता. बायकोने विचारलं, बाबा आले की मशीन कुठे जाणार? म्हटलं, तेव्हाचं तेव्हा. तिला प्लॅनिंगचं अंगच नाही.

१५ जानेवारी
बाबांना दवाखान्यातून थेट ताईकडे सोडलं. आठ दिवसांसाठी. डॉक्टरांनी बसूनच आंघोळ करायला सांगितलंय आणि आपल्या बाथरूममध्ये स्टूल नाही. विकतच्या प्लॅस्टिकवर माझा विश्वास नाही. म्हटलं, बाबा, मी स्वतः लाकडी स्टूल करतो, झालं की घ्यायला येतो. त्यांनी मान हलवली. ताई म्हणाली, अरे शहाण्या, स्टूल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. थोरल्या बहिणींना कारागिरी कळत नाही.
ता. क. मशीन त्यांच्या खोलीत आहे, हा मुद्दा वेगळा. त्याचा याच्याशी संबंध नाही.

२१ जानेवारी
डिझाइन तयार. बसायच्या पाटाला चार टेपर होल. म्हणजे एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला अरुंद, नरसाळ्यासारखी भोकं. पायही वर निमुळते होत गेलेले. बसणाऱ्याच्या वजनाने ते भोकात आणखी घट्ट रुततात. खिळा नको, गोंद नको. माणूस जेवढा जड, तेवढं स्टूल मजबूत. बायकोला सविस्तर समजावलं. म्हणाली, मग आधी तुम्हीच बसा.

२३ जानेवारी
बाबांचा फोन. स्टुलाचं काही विचारलं नाही. तिकडे हवा कशी आहे, एवढंच. एकाच गावात राहतो आम्ही, हवा तीच. मीच सांगून टाकलं, आठ दिवसांत.

२९ जानेवारी
भोकं पडली. आतून काचेसारखी गुळगुळीत. पाय बसवले. बसलो. चारही पाय, भाऊबंदकी झाल्यासारखे, चार दिशांना गेले. मशीन वरून कापतं, म्हणून रुंद तोंड वर आलं. ते खाली हवं होतं. यात चूक माझी नाही. वर म्हणजे कोणाचं वर, हे सॉफ्टवेअरने विचारायला हवं होतं. बायको म्हणाली, पाट उलटा करा की. पण बसायचा खळगा वरच्याच बाजूला कोरलाय. उलटं केलं तर ते खालून बसणाऱ्यांचं स्टूल होईल.

३० जानेवारी
कंबर धरली आहे. संशोधनाला विश्रांती.

५ फेब्रुवारी
दुसरा पाट. भोकं बिनचूक, रुंद तोंड खाली. मग कडांना चॅम्फर. धारदार कड तिरकी मारून घ्यायची, म्हणजे बाबांच्या मांडीला लागणार नाही. एका बाजूला चॅम्फर जरा जास्त गेला. म्हणून समोरच्या बाजूलाही तेवढाच मारला. तो किंचित जास्त झाला. संध्याकाळपर्यंत पाटापेक्षा भोकंच ठळक दिसू लागली. बायकोने लोण्याची वाटणी करणाऱ्या माकडाची गोष्ट सांगितली. मला ती येते.

९ फेब्रुवारी
आमटीत भुसा सापडला. बायकोचा नवा कायदा: आतून कडी लावल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. मान्य. एकाग्रता वाढेल. फक्त खोलीत आता पलंग, मशीन आणि मी एवढे आहोत, त्यामुळे वळता येत नाही. वळायचं तर उलट्या पावलांनी दारापर्यंत जावं लागतं.

१४ फेब्रुवारी
ताईचा फोन. बाबांना कपाट रिकामं करून दिलंय तरी ते सदरे पिशवीतच ठेवतात. रोज एक काढतात, धुतात, घडी करून पुन्हा पिशवीत. पिशवी पायाशी. म्हणाली, काय सांगू मी त्यांना, तूच सांग. म्हटलं, आठ दिवसांत. ताईने फोन ठेवला. रेंज गेली असावी.

२२ फेब्रुवारी, सकाळ
ताईने कळवलं की स्टूल असो वा नसो, पाच वाजता ती बाबांना घेऊन येणार. काळजी नाही. तिसरा पाट मशीनवर उलटा आवळलेला आहे, म्हणजे रुंद तोंड आपोआप खाली येईल. दुपारपर्यंत स्टूल उभं. मग मशीन बाल्कनीत, पलंग जागेवर. तासाभराचं काम.

दुपारी ४.१०
(डाव्या हाताने.) भोक आतून गुळगुळीत झालंय का पाहायला उजवा अंगठा घातला. झालंय. सरकत गेला. सांधा अरुंद तोंडातून पलीकडे गेला, टप् असा आवाज आला. परत येत नाही. खालच्या कडेला चॅम्फर मारायचा राहिला होता.

४.३०
पाट मशीनला, मी पाटाला. बोल्ट सोडायचा पाना खाली पडला. पायाने ओढायला गेलो, आणखी आत गेला. कडी आतून. ती चार हात लांब. अंगठा जांभळा. मन शांत.

५.०५
आले. बायको दार ठोठावते आहे. ताई ओरडते आहे, अरे उघड, म्हातारा माणूस उभा आहे. परिस्थिती समजावून सांगितली. मग ताई हसली. बायको सुताराला आणायला गेली.

५.२०
बाबा दाराबाहेर बसले आहेत. ताईने येताना प्लॅस्टिकचं स्टूल आणलंय, त्यावर. विचारलं, दुखतंय का फार? म्हटलं, नाही. मग म्हणाले, घाबरू नकोस. निघेल. आठ दिवसांत.
उलट्या पावलांनी जाण्याचीही सोय नव्हती.

२३ फेब्रुवारी
सुताराने कडीजवळ दाराला भोक पाडलं, हात घालून कडी काढली. कडा तशाच खरबरीत सोडल्या, चॅम्फरचा पत्ता नाही. मग पाट करवतीने कापला, अंगठा सुटला. मी म्हटलं, बाबा, पाचच मिनिटं, खोली करून देतो. जोडलेलं मशीन दारातून निघत नाही, हे काल प्रथमच लक्षात आलं. बाबांनी दारातून पलंगाकडे पाहिलं. म्हणाले, राहू दे, तुझी अडचण होईल. ताईबरोबर परत गेले.

२७ फेब्रुवारी
सूज उतरली. ताईचा फोन. आवाज खुशीत. बाबांनी स्वतःहून पिशवी रिकामी केली, सगळे सदरे कपाटात लावले. म्हटलं, छान. खोलीचा प्रश्न तर सुटला.
दुपारी आत गेलो. कडी लावली नाही. मशीन चालू केलं नाही. गडबडीत प्लॅस्टिकचं स्टूल इथेच राहिलंय, त्यावर बसलो.
हलत नाही.