तुमच्या लाइनचं कार्ड

बाई, तुमच्या फोनमध्ये काहीच बिघाड नव्हता. तुमच्या लाइनचं कार्ड मी तीनदा बदललं, तिन्ही वेळा वहीत कार्ड खराब म्हणून लिहिलं, आणि तिन्ही कार्डं चांगली होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मीही रिटायर झालो, तरी हे कोणाजवळ बोललो नाही. आता बायको विचारते, काय लिहून राहिले, तर म्हटलं पेन्शनचा अर्ज.

पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सौंसरहून बसने यायचो. तेव्हा तुमचा तो लाकडी बोर्ड होता. कोणी घरी रिसीव्हर उचलला की त्याच्या नंबरची झडप पडायची, तुम्ही दोरी खोचायच्या आणि विचारायच्या, नंबर? खरं तर विचारायची गरज नसायची. संत्र्याच्या दलालाने सकाळी उचलला म्हणजे नागपूर, गुरुजींनी उचलला म्हणजे लेकीचं सासर, हे तुम्हाला आधीच ठाऊक. मला शिकवताना तुम्ही एकच गोष्ट घोटून घेतली: दोरी काढायच्या आधी कान लावायचा. एकदा घाईत मी त्या दलालाची दोरी ओढली आणि ट्रक भरायचं बोलणं मधातच तुटलं. तुम्ही जेवत होत्या, हातातला घास तसाच धरून उठल्या. "अरे, लोक बोलून राहिले न! तुह्या हाताले कान नाही काय?" मग दोन्हीकडे माझ्याच तोंडून माफी मागायला लावली, आणि नंतर डब्यातली अर्धी भाकर, वांग्याची भाजी माझ्यापुढे सरकवली. मी फुगून बसलो होतो, पण खाल्ली. भाजी चांगली होती.

मग नवं मशीन आलं. कपाटाएवढं, आत ओळीने उभी कार्डं, एका कार्डावर आठ घरांच्या लाइनी आणि प्रत्येक लाइनीला मिरचीच्या बीएवढा लाल दिवा. रिसीव्हर उचलला की दिवा लागतो, माणूस आपला नंबर आपण फिरवतो, मशीन जोडून देतं. मधात कोणी लागत नाही. बोर्ड उतरवला त्याच महिन्यात तुम्ही रिटायर झाल्या. शाल झाली, नारळ झाला, आणि इतकी वर्षं नोकरी केली म्हणून खात्याने तुमच्या घरी फोन बसवून दिला. स्टेशनकडच्या दोन खोल्यांत तुम्ही एकट्या. सगळे म्हणाले, बाईंची मजा झाली, आता घरी बसून बोलतील. कोणाशी, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

ट्रेनिंगमध्ये मला शिकवलं होतं की कार्ड बदलायचं तर मशीन बंद करायचं नाही, गावाचं बोलणं चालू राहिलं पाहिजे. मनगटाला तारेचा पट्टा बांधायचा, तारेचं दुसरं टोक मशीनच्या पत्र्याला, म्हणजे अंगातली वीज कार्डाला लागत नाही. मग कार्डाच्या खिट्ट्या उचलायच्या, सरळ ओढायचं, नवं तितकंच सरळ सरकवायचं. तेवढ्या वेळात त्या कार्डावरची आठ घरं मात्र मुकी होतात. पुस्तकात लिहिलं होतं, एवढं चालतं. पण मी तुमच्या हाताखालचा, मी दिवे विझायची वाट बघायचो.

आणि एक दिवस दुपारी चारच्या सुमाराला तुमचा दिवा लागला. लागला, पण नंबर काही फिरवलेला नाही. मशीनने थोडी वाट पाहिली, मग ती लाइन बाजूला टाकली आणि कागदाच्या पट्टीवर छापलं की या लाइनीत दोष आहे. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. छिंदवाड्याच्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, कार्ड बदलून टाक. बदललं. पुन्हा दिवा. पुन्हा बदललं. दोन्ही वेळा बाकीचे सात दिवे विझेपर्यंत मी थांबलो, एकेकाचं बोलणं संपू दिलं, आणि तुमचा लागलेला असतानाच कार्ड ओढलं. तो तर फॉल्ट होता न. फॉल्टसाठी कोण थांबतं?

इथपर्यंत मूर्खपणा होता, तो माफ असावा. तिसऱ्यांदा मी मनगटाला पट्टा बांधून उभा आहे, सात दिवे विझलेत, तुमचा लागलेला आहे. काय मनात आलं कोण जाणे, तपासायचा हँडसेट तुमच्या लाइनीला लावला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मागे स्टोव्हचा आवाज. मग तुम्ही म्हणाल्या, "हॅलो, एक्स्चेंज? कोणी हाय काय तिथं?" थोडं थांबून पुन्हा, "कोणाले लावाचा नाही. असाच उचलला."

मी तोंड उघडलं आणि बोललो नाही. हँडसेट कानाला असतानाच खिट्ट्या उचलल्या आणि कार्ड ओढलं. तुमचा आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दिवा लागला नाही. त्यानंतर कधीच लागला नाही. फॉल्ट गेला म्हणून कळवलं, तर साहेब शाबास म्हणाले. तिन्ही कार्डं वर्कशॉपातून परत आली, सोबत चिठ्ठी, दोष आढळला नाही. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेल्या. मला सौंसरच्या बसस्टँडवर कळलं, पांढुर्ण्याची बस समोर उभी होती, तरी मी त्या दिवशी गेलो नाही. आता तर त्या दोन खोल्याही नाहीत, तिथे दुकानं झाली. पाकिटावर काय लिहू?

काहून बोललो नाही? एकदा बोललो तर रोज चारला बोलावं लागेल, असं तेव्हा वाटलं होतं खरं, आणि इतकी वर्षं मी स्वतःला हेच कारण देत आलो. पण रोज चारला बोलायला मला तिथे दुसरं काम काय होतं, बाई? मशीन आपलं आपण चालायचं. दहा ते पाच त्या खोलीत मी एकटा, वर पंखा, आणि दिवसचे दिवस माझ्याशीही कोणी बोलत नव्हतं. पहिल्या आठवड्यापासून चार वाजायची मी वाट बघायला लागलो होतो. तुमचा दिवा लागला की बरं वाटायचं.